अंबाड्यासकट माप

४ सप्टेंबर

भिंगरे,

आधी एक सांगते, मग दुसरं. नाही, दुसरंच आधी सांगते, कारण पहिलं सांगताना मला रडू येईल, शाई पसरेल, आणि माझं अक्षर आधीच मुंग्यांची वरात. तर दुसरं असं, की मी हेल्मेट घेतलं. लाल!

आता पहिलं. धाकटीचं पत्र आलं. धाकटी म्हणायची आपली सवय, बाई पंचाहत्तरीची झाली. तिचा मुलगा तिला एक डिसेंबरला समुद्रापलीकडे घेऊन चाललाय. कायमची. तिथे तिला खोली तयार आहे, खिडकीतून पाणी दिसतं म्हणे. पाणी घेऊन काय करायचंय, खिडकीतून मी दिसणार आहे का?

चार वर्षं झाली आम्हा बहिणींना भेटून. पूल कमकुवत झाला, बस बंद झाली, आणि ती डोंगरावर, मी इथे. फोन करावा तर तिला ऐकू येत नाही. मी विचारते तब्येत कशी, ती सांगते दोन वाजले.

तूच मागे म्हणाली होतीस, पुलावरून दुचाकी सोडतात, एकदा तुला मागे बसवून नेते. तुझी रजा पाच नोव्हेंबरपासून, मी मोजून ठेवलीय. तुझा बाप "आई, काहीतरीच काय" म्हणाला. त्याचं मनावर घेऊ नकोस. लहानपणी दूध पुढे केलं की असंच म्हणायचा, आणि मग पेला चाटायचा.

हेल्मेटचं माप मी स्वतः घेतलं. तुझे आजोबा आणि मी चाळीस वर्षं गाद्या-उशा शिवल्या, माप घ्यायला मला कुणी शिकवू नये. टेप कपाळावरून नेली, कानांवरून नेली, मागे अंबाड्याला वळसा घालून पुढे आणली. शिवाय आपल्या घरची रीत, दोन बोटं जास्त. ते माप शेजारणीकडे दिलं, ती बाजारात जातच होती. आलं ते जरा ऐसपैस आलं. आतला स्पंज म्हणजे नुसती थट्टा! उसवला, पाव किलो कापूस पिंजून भरला, वरून बारीक टाके घातले. आता डोकं घातलं की झोपच येते.

फोनवर बोलू नकोस यावर. फोनवर तू हं हं करतेस आणि दुसरंच काही करत असतेस. पत्र वाचावंच लागतं.

तुझी आजी

१२ सप्टेंबर

लाडके आजी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. प्रयोगशाळेतल्या बायका विचारायला लागल्या, हिला काय झालं, हसते की रडते. शेवटी मोठ्याने वाचून दाखवलं. आता इथे सगळ्यांना अंबाडा माहीत आहे.

पण आता हसणं बाजूला. आजी, ते हेल्मेट घालून मी तुला मागे बसवणार नाही. हेल्मेट ही उशी नव्हे. कापूस दबतो, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोन वळणांत ते डोक्यावर भोवऱ्यासारखं फिरेल.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. या नोकरीला लागले तेव्हा मीही सैल हेल्मेट घेतलं होतं, आपल्या घरचीच मी, दोन बोटं जास्त. दवाखान्यातून रक्ताचे नमुने घेऊन निघाले, चौकात मान वळवली, मान वळली आणि हेल्मेट तिथेच राहिलं. डोळ्यांपुढे एकदम स्पंज! समोर भाजीची गाडी. मी भोपळ्यांत जाऊन पडले. रक्ताची एक बाटली फुटली नाही, माझं ढोपर मात्र फुटलं. बाबांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तर असं कर. दुकानात स्वतः जा, शेजारणीला पाठवू नकोस. अंबाडा सोड. टेप भुवयांच्या वर बोटभर धर आणि मागे डोकं जिथे सर्वांत फुगीर असतं तिथून फिरव. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, गालात पेरू धरल्यासारखे. डोकं हलवलं की कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच पट्टा. मागून वर ढकललं तरी निघता कामा नये. आणि घातल्यावर लगेच "बरंय" म्हणून उठू नकोस. अर्धा तास बस तशीच. कपाळावर एका जागी ठणकायला लागलं तर ते तुझ्या डोक्याच्या घडणीचं नाही, दुसरं घे.

हे सगळं जमलं तर पाच नोव्हेंबरला मी दारात. नाही जमलं तर नाही. मी पण तुझीच नात आहे.

भिंगरी

२१ सप्टेंबर

भोपळ्यांत पडणारे भिंगरे,

ढोपर दाखव आल्यावर. बापाला नाही सांगितलं. जीभ चावून धरलीय, दुखायला लागली.

गेले होते बाई दुकानात. हेल्मेटवाला आहे टकला. चकचकीत! मी मनात म्हटलं, याला अंबाड्याचं दुःख काय कळणार. त्याने माझं हेल्मेट हातात घेतलं, आत बोट घातलं, कापूस बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

"आजी, हे उघडलं कुणी?"

"उंदरांनी."

"उंदीर टाके फार छान घालतात हो," म्हणाला. "मला चार पाहिजेत असले."

उसवलेला माल परत घेत नाही म्हणाला. मग मीच तोडगा काढला. त्याच्याकडे फाटलेल्या अस्तरांचा डबा भरून पडला होता. तिथेच बसून सात अस्तरं शिवून दिली, आणि त्याने हेल्मेट बदलून दिलं. दोघं खूश. मला म्हणतो, रोज या. वेडा कुठला.

पण अंबाडा सोडायची वेळ आली तेव्हा खरं सांगते, लाज वाटली. लग्नानंतर परक्या माणसासमोर केस सोडले नव्हते. तो समजूतदार निघाला. म्हणाला, मी काउंटरच्या मागे वाकून काहीतरी शोधतो. आणि खरंच शोधत राहिला, उगाचच. मी खाली मानेवर सैलसर वेणी घातली. तीन हेल्मेटं घालून पाहिली. पहिलं कपाळाला टोचलं. दुसऱ्यात कान दुमडले गेले, वाटाण्याच्या सोललेल्या सालांसारखे. तिसरं बसलं! गाल वर आले, ओठांचा चंबू झाला. आरशात पाहिलं तर मी सहा महिन्यांची. हेही लालच.

घरी रोज अर्धा तास घालून बसते. वाटाणे सोलते, कपडे वाळत टाकते. शेजारीण विचारायला आली, घरावर काही पडणार आहे का? परवा तुझा बाप कामावरून लवकर आला आणि दारातच उभा. मी म्हटलं, "आत ये, चहा ठेवते." तो आत आला. मग खुर्चीत बसला आणि इतका हसला, इतका हसला, की त्याला ठसका लागला. मी ओळखलं, आता हा दूध पिणार.

पण त्याने अट घातली. म्हणाला, "मी गल्लीच्या टोकाला उभा राहतो. तू फाटकापाशी हेल्मेट घालून उभी राहा आणि मी किती बोटं दाखवतोय ते सांग. रस्ता दिसला नाही तर गाडीवर बसायचं नाही. मागे बसणाऱ्यालाही वळण दिसलं पाहिजे, नाहीतर तू भलतीकडे झुकशील आणि दोघी पडाल."

झाली परीक्षा. चुकले. पण दोष हेल्मेटच्या काचेचा. ती धूळ खाते म्हणून मी भांड्याच्या चोथ्याने आणि पावडरने लख्ख घासली होती, तरी धुरकटच. माल खराब. चष्म्याचं विचारू नकोस, चष्मा उत्तम आहे.

तुझी आजी

२९ सप्टेंबर

आजी,

चोथ्याने?! काच आहे ती, कढई नव्हे. प्लास्टिकची असते. चोथ्याने घासलीस तिथेच तिचा जीव गेला. हजार ओरखडे पडले असतील, समोरून उजेड आला की जाळंच दिसेल. साध्या पाण्याने धुवायची, साबणाचा एक थेंब, मऊ फडका, घासायचं नाही, टिपायचं. आता हेल्मेटवाल्याकडून नवी काच बसवून घे. पांढरी स्वच्छ, काळी नको. काळी दिसते झोकदार, पण झाडांच्या सावलीत शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं होतं. आणि श्वासाने वाफ धरली तर काच एक खटका वर करायची, आणि हनुवटीपाशी छोटी खिडकी असते ती उघडी ठेवायची.

आता दुसरं. बाबांचा फोन आला होता. ते म्हणाले, त्यांनी एकही बोट वर केलं नव्हतं, हात खिशात होते, आणि तू छातीठोकपणे "चार!" ओरडलीस.

खिसा आणि हात यांत काचेमुळे एवढा घोटाळा होत नाही, आजी. मी चष्म्याचं विचारलं नव्हतं. तूच म्हणालीस विचारू नकोस. म्हणून विचारते. बाबांनी तुझा फोटो पाठवलाय, वाटाणे सोलतानाचा. तो तपकिरी, जाड दांड्यांचा चष्मा तुझा कधीपासून?

भिंगरी

११ ऑक्टोबर

भिंगरे,

उत्तराला उशीर झाला. बरं नव्हतं असं लिहिणार होते, पण बरी होते. लिहायचं धाडस होत नव्हतं.

नवी काच बसवली. हेल्मेट घातलं, तरी धुरकट. हेल्मेटवाल्याला म्हटलं, हीही खराब. त्याने तिसरी आणली. तीही खराब. मग त्याने काच काढूनच टाकली. म्हणाला, "आजी, आता तुमच्या डोळ्यांपुढे नुसती हवा आहे. समोरच्या दुकानाची पाटी वाचा."

मी म्हटलं, "कुलपं दुरुस्त करून मिळतील."

न्हाव्याचं दुकान होतं. पाटीवर हाताएवढी कात्री काढलेली.

मी म्हटलं, हवाच धुरकट आहे आज.

हसला नाही बिचारा. माझ्या नाकावरचा चष्मा हळूच काढला आणि म्हणाला, "दांड्या जाड आहेत, हेल्मेटमध्ये कानशिलावर वळ उठलेत तुमच्या. हा पुरुषाचा चष्मा आहे ना? कुणाचा?"

तुझ्या आजोबांचा. ते गेले त्याच आठवड्यात माझा चष्मा पायाखाली आला. त्यांचा टेबलावर होता. म्हटलं, आजच्या दिवस घालू. त्यांना जग कसं दिसत होतं ते बघू. मग उद्या घातला, परवा घातला. सहा वर्षं झाली. तुझ्या बापाला वाटलं मी नवा केला. आपल्या घरात कोण काय टाकून देतं? जवळचं मला तसंही हाताने कळतं. टाके बोटांनी दिसतात. लांबचं काय बघायचं होतं मला, लांब कोण होतं?

आणि मग हे झालं. धाकटी.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुझा बाप बरोबर. बाईंनी दोन्ही बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, तुमचा नंबर आणि या चष्म्याचा नंबर यांची साधी तोंडओळखसुद्धा नाही." मोतीबिंदू आहे, पण कच्चा, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. नवा चष्मा पंधरा दिवसांनी मिळेल. घरी आल्यावर तुझ्या बापाने तो तपकिरी चष्मा पुसला आणि आजोबांच्या शिवणाच्या पेटीत ठेवला, कात्रीशेजारी. मी बघत होते. म्हणजे, धूसर बघत होते.

चष्मा वेळेवर आला नाही, किंवा त्यानेही दिसलं नाही, तर तुझी रजा फुकट घालवू नकोस. आधीच सांगून ठेवते.

आजी

१७ ऑक्टोबर

आजी,

रजा फुकट जायची नाही. चष्मा येणार आणि आपण जाणार.

मागच्या वर्षी तू माझ्या चहात मीठ घातलंस तेव्हा मला वाटलं, लाडाने रागावलीयस. बोलायला हवं होतं मी. प्यायले सगळा.

डॉक्टरीणबाईंना सांग, दांड्या बारीक आणि सरळ हव्यात, टोकाला वळण कमी. आधी हेल्मेट घालायचं, मग काच वर करून चष्मा कानावरून आत सरकवायचा, काढताना आधी चष्मा, मग हेल्मेट. उलट केलंस तर चष्मा नाकावरून उडून जाईल.

मीही एक लपवलंय. माझ्या रजेचे आठ दिवस होते, त्यांचे तीन झाले. एक बाई बाळंतपणाला गेली, तिची फेरी माझ्याकडे आली. म्हणजे मी तुला पोचवून दुसऱ्या दिवशी निघेन. तू राहा धाकट्या आजीकडे, त्या जाईपर्यंत. मग मी एक तारखेला न्यायला येते. मला वाटलं होतं, तू चिडशील. पण हिशोब केला तर तुला आठाऐवजी पंचवीस दिवस मिळतात.

भिंगरी

२७ ऑक्टोबर

भिंगरे! भिंगरे! भिंगरे!

चष्मा आला. बारीक दांड्यांचा, पेन्सिलीच्या शिशासारख्या. दुकानातून बाहेर पडले आणि रस्त्यातच उभी राहिले. झाडाला पानं असतात गं! म्हणजे माहीत होतं, पण सुटी सुटी! मला इतकी वर्षं झाड म्हणजे हिरवी गादी दिसत होती. आमच्या समोरच्या भिंतीला एवढी मोठी भेग आहे, आणि शेजारणीला बारीक मिशा आहेत. काही बोलले नाही. जीभ चावली.

परीक्षा झाली. हेल्मेट घातलं, चष्मा सरकवला, काच खाली. तुझा बाप गल्लीच्या टोकाला. मी ओरडले, "तीन!" त्याने बदललं. "एक! आणि करंगळी आहे, लबाडा!" मग त्याने हात खिशात घातले. "खिशात!" सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली, न्हावीसुद्धा बाहेर आला होता अर्धी दाढी सोडून.

मग तो चालत माझ्याकडे आला. जवळ जवळ येत गेला, आणि मला दिसलं, की त्याचे कानाजवळचे केस सगळे पांढरे झालेत. डोळ्यांखाली सुरकुत्या. भिंगरे, माझा मुलगा म्हातारा व्हायला लागलाय आणि मला कुणी सांगितलं नाही! मी हेल्मेटसकट त्याला मिठी मारली, त्याच्या नाकावर आपटलं. नाक धरून म्हणाला, "जा बाई, जा एकदाची."

त्याची जुनी पँट मी कमरेत आवळून घेतलीय. पाय दोन्हीकडे टाकून बसायचं म्हणजे तशीच लागणार. खिडकीच्या कट्ट्यावर बसून सराव करते. वळण आलं की तुझ्याबरोबर झुकायचं, उलटं नाही, हे पाठ झालंय.

धाकटीला पत्र टाकलंय, पाच तारखेला येते म्हणून. कशी येते ते लिहिलं नाही.

तुझी, सगळं दिसणारी, आजी

१४ नोव्हेंबर

लाडके आजी,

कामावर सुखरूप रुजू झाले. सगळ्यांना सांगितलं, माझ्यामागे आजवर बसलेल्यांत सर्वांत उत्तम तू. वळणावर झुकलीस, उतारावर माझ्या अंगावर आली नाहीस, आणि पुलावर "थांब थांब" म्हणालीस ते भीतीने नाही तर खाली मासे दिसले म्हणून. बाबांना हे अजून खरं वाटत नाही.

पण एक तक्रार आहे. शेवटी काय केलंस ते? धाकट्या आजी घराच्या वाटेवर उभ्या होत्या, मला ओळखलं, आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघत विचारायला लागल्या, "ही कुठे राहिली? दुसऱ्या गाडीने येतेय का? आणि हा लाल डोक्याचा कोण आणलास बरोबर?" मी हसत होते आणि तू हनुवटीखालचं बक्कल चाचपत बसलीस! पाच मिनिटं! मी हात पुढे केला तर माझा हात झटकलास. एवढे दोन महिने सराव केलास आणि ऐन वेळी अडकलं. काच तरी वर करायचीस, चेहरा दिसला असता. बिचाऱ्या चालत वळणापर्यंत जाऊन बघून आल्या.

तिथे बक्कल तपासून ठेव. बिघडलं असेल तर एक तारखेच्या आत बदलावं लागेल. दोघींना खूप खूप.

भिंगरी

२० नोव्हेंबर

भिंगरे,

हे पत्र धाकटीच्या ओट्यावर बसून लिहितेय. ती समोर हेल्मेट घालून बसलीय. म्हणते याच्यात तिला बरं वाटतं, बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, अगं बाहेरचं तुला कधी ऐकू येत होतं? तेही ऐकू आलं नाही. तिच्या डोक्याला ते घट्ट होतं, कपाळावर लाल वळ पडतो, पण काढत नाही. आम्ही दिवसभर तिचं सामान बांधतो आणि रोज संध्याकाळी त्यातलं अर्धं सोडतो, कारण काहीतरी दाखवायचं राहून जातं. काल पुलापर्यंत चालत गेलो, मासे बघायला. ती म्हणाली, मासे काय, मी रोज बघते. मग माझ्याहून जास्त वेळ तीच वाकून बघत होती.

आता बक्कलाचं. ते बिघडलेलं नाही. त्या दिवशीही अडकलं नव्हतं.

तू गाडी थांबवलीस तेव्हा ती दहा पावलांवर होती आणि मला काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. चांगली वहाण घातलेली, पण घाईत एकाच पायात, दुसऱ्यात घरातली. केस अगदी पातळ झालेत. कपाळावर हात धरून ती रस्त्याकडे बघत होती, चवड्यांवर उभं राहून, ओठ हलवत. मला शोधत होती. भिंगरे, मला शोधताना ती कशी दिसते हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी आले की ती शोधायचं थांबवते, मग मला दिसणार कसं?

म्हणून चाचपत बसले. तू हात पुढे केलास तेव्हा तुझा रागच आला. ती वळणापर्यंत गेली, तिथे उभी राहिली, परत आली. मी हेल्मेटच्या आत बसून बघून घेतलं, मान न हलवता, पापणी न लववता. ती तिकडे समुद्रापलीकडे गेल्यावर मला ते पुष्कळ दिवस पुरवायचं आहे.

मग खटकन काढलं. पुढचं तू पाहिलंसच. धपाटा माझ्या पाठीत बसला, आवाज तुला आला असेल.

तुझी आजी